हौसाबाई, देवी आणि माझी झोप

हौसाबाई म्हणजे शांत, सोशिक, देवभोळी माऊली होती, असं तिच्या तेराव्याला आमच्या अण्णांनी भाषण ठोकलं. अण्णा गावचे पंच, त्यांना मध्येच कोण थांबवणार? पण मला असा राग आला म्हणता! शांत? सोशिक? अहो, ठाण्याच्या मासळी बाजारात एका साहेबानं बांगड्याला बोट लावून "ताजा आहे का?" विचारलं, तर ही म्हणाली, "हा सकाळीच न्हाऊन आलाय, साहेब. तुमी?" अशा बाईला माऊली-बिऊली करून फोटोत बसवलेलं मला नाही चालायचं. म्हणून मी सांगते. माझं घर, माझी पोर, माझा बाजार, सगळं तिच्यामुळे माझ्या हातात राहिलं. हे गावाला माहीत नाही, पण मला माहीत आहे ना.

बाळकुमच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा. गावदेवीच्या देवळाला चिकटून एक खोली होती, त्यात हौसाबाई राहायची. चैत्राच्या जत्रेत ढोल वाजला की तिच्या अंगात वारं यायचं. आमच्याकडे देवी अंगात येण्याला वारंच म्हणतात. तेवढा वेळ ती हौसाबाई नसायची. गाव हात जोडून प्रश्न विचारायचं आणि देवी तिच्या तोंडून कौल द्यायची. बाकीचे दिवस मात्र ती खोलीबाहेर बसून सुका जवळा निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायची. तिचा नवरा ती गादीवर बसली तेव्हाच सुटला. आमच्या गावची रीतच तशी होती. देवीच्या गादीवर बसलेल्या बाईनं नवऱ्याचं घर सोडायचं, बाजार सोडायचा, आणि देवीच्या खोलीत मूल चालायचं नाही. नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि टिटवाळ्याला जाऊन राहिला. हौसाबाई तेव्हा विशीतसुद्धा नव्हती.

आता माझं सांगते. मी कळव्याची, मंजुळा. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाईंनी, सखुबाईंनी, पहिल्याच महिन्यात घोषणा केली की सून झोपाळू निघाली. खोटं कशाला बोलू, होतेच मी झोपाळू. मासे साफ करता करता झोपायची. घास तोंडात असताना झोपायची. बाजारात गिऱ्हाइकाशी भाव करता करता डोळा लागायचा, आणि डोळा उघडावा तर गिऱ्हाईक गेलेलं आणि वाट्यातल्या सुरमईच्या दोन तुकड्याही गेलेल्या. रात्रभर झोपले तरी तेच. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "दामाजी हिला रात्री झोपू देत नाय वाटतं." दामाजी म्हणजे माझा नवरा. तो बिचारा कारखान्यातून आला की भिंतीला टेकून बसायचा, त्याच्यावर हा आळ!

झोपेचं एकवेळ ठीक. खरी पंचाईत हसण्याची होती. मोठ्यानं हसू आलं की माझे गुडघे जायचे. जबडा लोंबायचा, मान पडायची आणि मी खाली कोसळायची. शुद्ध मात्र अगदी जाग्यावर! कोण काय बोलतंय, कुठं कुत्रं भुंकतंय, सगळं ऐकू यायचं, पण बोट हलवीन म्हटलं तर हलायचं नाही. थोड्या वेळानं आपोआप उठता यायचं. त्या भीतीनं मी हसणंच सोडलं. कोणी गंमत सांगायला लागलं की मी तोंड फिरवायची, नाहीतर भांडण उकरून काढायची. बाजारात माझं नाव खडूस पडलं, आणि मी ते आनंदानं घेतलं. खडूस म्हटलेलं परवडलं, पडलेलं नाही परवडत.

आणि तिसरी गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती. डोळा मिटायच्या आतच मला दिसायचं. माझी मेलेली आई पायाशी येऊन बसायची. स्वप्नात नाही हो, त्याच खोलीत, त्याच चटईवर. तिच्या अंगाचा खारा वास यायचा. मी उठायला बघायची तर अंग जड झालेलं, हाक मारायला बघायची तर आवाज फुटायचा नाही.

चौऱ्याऐंशी साली धाकट्या दिराची हळद निघाली. आमच्याकडची हळद तुम्ही बघितली नसेल तर काय सांगावं! अंगणभर माणसं, बेंजो, ढोलकी, आणि नवऱ्यामुलाला हळद लावताना बायका जे काही बोलतात ते इथं सांगण्यासारखं नाही. मी कोपऱ्यात तोंड वाकडं करून उभी होते. पण दिराच्या मावशीनं नवऱ्यामुलाला बघून असं काही फेकलं की माझा बांध फुटला. हसले, आणि धाडकन पडले.

वाजत्या ढोलात बाई कोसळली म्हणजे आमच्या गावाला दुसरं काही सुचतच नाही. "वारं आलं! मंजुळेच्या अंगात वारं आलं!" झालं. कोणी माझे केस सोडले, कोणी कपाळभर कुंकू फासलं, कोणी तांदूळ टाकले. ढोलवाल्याला आणखी चेव चढला. मी आतून ओरडतेय, अगं मला उचला, माझ्या अंगाखाली कोणाची तरी चप्पल आलीय! पण बाहेर काही नाही. सासूबाई कानाशी येऊन विचारतायत, "आई, तू कोण आलीस? गावदेवी का?" आणि त्यातच ती झोपही आली. आई येऊन पायाशी बसली, तिच्याकडे बघून मी काहीतरी पुटपुटले असणार.

त्याच वेळी शेजारच्या भिवाजीनं संधी साधली. त्याचं जाळं चोरीला गेलेलं. त्यानं विचारलं, "जाळं खाडीच्या वरच्या अंगाला हाय का?" माझ्या तोंडून नुसता हुंकार आला. आणि नशीब बघा माझं! सकाळी जाळं वरच्या अंगाला, तिवरांच्या झाडीत सापडलं. भिवाजी नारळ घेऊन दारात.

मग काय विचारता. कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या पोराला नोकरी लागत नाही, सगळे आमच्या अंगणात. सासूबाईंचा थाट तर असा वाढला की त्या शेजारणीशीसुद्धा हळू आवाजात, मोजकं बोलायला लागल्या. मी सांगून थकले की मला देवी-बिवी येत नाही, मी हसल्यामुळे पडते. त्या म्हणायच्या, "देवी कशानं येईल हे तू ठरवणार काय?" आणि एक दिवस अण्णा चार माणसं घेऊन आले. हौसाबाईचं वय झालं, तिच्यामागे गादी रिकामी राहता कामा नये, चैत्राच्या जत्रेत देवीचा कौल घेऊ आणि मंजुळेला बसवू. दामाजी खाली मान घालून बसला. पंचांपुढे तो कधीच बोलला नाही, आजही बोलत नाही.

माझी मालू तेव्हा तीन वर्षांची होती. रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. गादीवर बसले की ती सासूबाईंकडे राहणार, नवरा कोणा दुसरीचा होणार, बाजारातली माझी जागा दुसरी कोणी घेणार. आणि सगळ्यात वाईट सांगू? माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. जागेपणी मेलेली आई दिसणाऱ्या बाईनं कोणत्या तोंडानं म्हणायचं की माझ्यात काही नाही? मी देवळात जायची आणि देवीला म्हणायची, तू असशील तर जा गं बाई, माझं लेकरू लहान आहे.

अशीच एकदा देवळातून बाहेर पडताना हौसाबाईनं हाक मारली. "ए खडूस, इकडं ये. तिसऱ्या फोडू लाग." मी तिच्यासमोर बसले. ती शिंपल्यावर शिंपला उघडत होती. वर न बघता म्हणाली, "पडतेस तेव्हा कुठं असतेस गो?"

"कुठं म्हणजे? तिथंच. सगळं ऐकत असते."

तिचा हात थांबला. "सगळं?"

"सगळं. त्या दिवशी माझ्या अंगाखाली चप्पल होती, तीसुद्धा टोचत होती."

मग म्हणाली, "मला वारं येतं तेव्हा मी नसतेच, बाय. ढोल वाजतो इथपर्यंत ठाऊक असतं. मग कोणीतरी पाणी पाजतं तिथून ठाऊक असतं. मधलं काय नाय. काय बोलले ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं." आणि एकदम विषयच बदलला. म्हणाली, लग्नाच्या वर्षी माझा नवरा चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरायला गेलेला, त्यातली एक त्याच्या रुमालात शिरली. कंबरेचा रुमाल हो, आमचे कोळी नेसतात तो. "आन् त्यानं काठावर जो नाच केला गो, पलीकडची लोकं हात जोडून उभी राहिली. त्यांना वाटलं, याच्याच अंगात वारं आलं!"

मी तोंड फिरवायला गेले, पण उशीर झालेला. तिसऱ्यांच्या टोपलीवरच आडवी झाले.

हौसाबाईनं कुंकू आणलं नाही की कोणाला बोलावलं नाही. तिनं माझ्या मानेखाली हात घालून डोकं सरळ केलं, कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "मंजुळे, तुझ्या सासूला मी लहानपणापासून ओळखते. ती शाळेत जायच्या भीतीनं पोट दुखतंय म्हणायची." मी उठून बसले तेव्हा तिनं विचारलं, काय बोलले मी? मी शब्दन् शब्द सांगितला.

"ही देवी नाय," ती म्हणाली. "हे आजारपण हाय. उद्या डॉक्टरकडं चल."

मी तिथंच रडायला लागले. आयुष्यात आजार आहे म्हणून एवढा आनंद कोणाला झाला नसेल. आईचंही मग सांगून टाकलं तिला, पहिल्यांदाच कोणाला तरी. तिला काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "आई स्वप्नातच येते. तुझं स्वप्न घायकुतीला आलेलं हाय, तू झोपायची वाट बघत नाय, एवढंच."

बाजाराला जातो सांगून आम्ही ठाण्यात गेलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं मेंदूच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. वयस्कर माणूस, शुद्ध पुणेरी बोलणं, आम्हा दोघींना "बसा बाई" म्हणून खुर्ची दिली. खुर्ची देणारा डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता. सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला हे प्रत्यक्ष पाहायला हवं. आपण यांना हसवू या." आणि स्वतःच विनोद सांगायला लागले. एक मास्तर वर्गात झोपले, मुलांनी विचारलं झोपलात का, मास्तर म्हणाले, नाही रे, डोळे मिटून विचार करत होतो. एवढं बोलून डॉक्टर माझ्याकडे आशेनं बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघतेय. नर्स खिडकीबाहेर बघतेय.

हौसाबाई म्हणाली, "डॉक्टर, हे ऐकून मलाच झोप यायला लागली. हिचं आजारपण लागतं काय दुसऱ्याला?"

मी खुर्चीवरून घसरले. डॉक्टर लगबगीनं उठले, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पापणी उचलून बघितली, आणि मी सावरल्यावर त्यांच्या तोंडावर असा आनंद की जणू त्यांचाच विनोद लागू पडला.

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी अजून विसरलेली नाही. आपण गाढ स्वप्नात असतो तेव्हा मेंदू अंगाचे सगळे दोर सैल सोडतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच उठून पळाला असता. सगळ्यांचंच तसं होतं, फक्त झोपेत. तुमच्या मेंदूत झोप आणि जाग यांच्यामधलं दार नीट लागत नाही. हसलात की ते सैल सुटणं जागेपणीच येतं, आणि डोळा मिटायच्या आत स्वप्न आत शिरतं. मन जागं, अंग झोपलेलं. याला नार्कोलेप्सी म्हणतात. वेडही नाही आणि भूतही नाही. पूर्ण जाणार नाही, पण सांभाळता येईल. गोळी दिली, आणि सांगितलं की दिवसा ठरल्या वेळी थोडं थोडं झोपायचं, लाजायचं नाही.

निघताना हौसाबाई दारात थांबली. एवढी तोंडाळ बाई, पण आवाज अगदी बारीक झालेला. "डॉक्टर, मग माझं पण आजारपणच का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "नाही बाई. तुमचं वेगळं. ढोलाच्या तालात, श्रद्धेत, माणसाचं मन स्वतःला बाजूला करू शकतं. जगात पुष्कळ ठिकाणी माणसं तसं करतात. तुम्हाला त्याचा त्रास नाही, मग मी त्याला आजार कशाला म्हणू? आणि तुम्ही बाजूला झाल्यावर कोण बोलतं, ते मात्र मला विचारू नका. ते मला ठाऊक नाही." हौसाबाईनं त्यांना वाकून नमस्कार केला.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरला देवी काय कळते?" अण्णांकडे गेले. ते समजुतीनं म्हणाले, "पोरी, गोळी घे तू, गोळीला कोणाची ना नाही. पण गादीचं देवी ठरवेल. हौसाबाईच्या अंगात वारं आलं की विचारू. ती म्हणेल ते मान्य." मला वाटलं, सुटले! हौसाबाई आपलीच. धावत तिच्याकडे गेले, तर तिचा चेहरा उतरलेला.

"ते माझ्या हातात नाय, मंजुळे. देवी काय बोलेल मला कसं ठाऊक? मी तिथं नसतेच ना. तिनं तुलाच बसव म्हटलं तर?"

मी भडकले. "मग मला डॉक्टरकडं कशाला नेलंस? आजार माहीत करून घेऊन गादीवर बसू होय? तू बसलीस तशी? नवरा गेला, पोर झालं नाही, आणि आता जवळा निवडत मरायचं!" नको ते बोलले. कोणाला उलट उत्तर दिल्याशिवाय न सोडणारी ती बाई, माझं सगळं ऐकून घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला ढोल सुरू झाले. मला नवीन लुगडं नेसवून पुढं बसवलेलं. दामाजीच्या कडेवर मालू होती, ती माझ्याकडे झेपावत होती आणि सासूबाई तिला मागे ओढत होत्या. हौसाबाई गादीवर बसली, डोळे मिटले. ढोल चढत गेला. तिचे खांदे हलायला लागले, केस सुटले, ती घुमायला लागली. बायकांनी हात जोडले. अण्णा पुढं झाले आणि म्हणाले, "आई, हौसाबाईच्या मागं गादीवर कोण? ही मंजुळा का?"

मी मालूकडे बघत होते.

हौसाबाई उठली. झुलत झुलत माझ्यापाशी आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अशा आवाजात बोलली की ढोल आपोआप थांबले. "हिला मी बोलावली नाय. हिला नीज येते, हिला निजू द्या. हिच्या लेकराला आई पाहिजे. आणि ऐका, इथून पुढं लेकराची आई या गादीवर बसवायची नाय. कोणाचंच घर मोडून मला सेवा नको. हौसाबाईच्या मागं गादी रिकामी राहू द्या."

मग अण्णांनी जमिनीला डोकं टेकलं, आणि त्यांच्यामागे सगळ्यांनी. सासूबाईसुद्धा रडत पाया पडल्या. मी मालूला ओढून घेतलं ते घरी जाईपर्यंत खाली ठेवलं नाही.

पुढं एक वेगळंच झालं. त्या जत्रेनंतर हौसाबाईला पुन्हा कधी वारं आलं नाही. पुढच्या चैत्रात ढोल वाजला, ती गादीवर बसलीच नाही, बायकांमध्ये मागं उभी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. नारळ यायचे बंद झाले. लोक म्हणायला लागले, देवी सोडून गेली हिला, काहीतरी पाप केलं असणार. खोलीही तिनं स्वतःच सोडली. एक दिवस बोचकं घेऊन आमच्या ओटीवर येऊन बसली आणि सासूबाईंना म्हणाली, "सखू, तुझ्या सुनेला दुपारी निजायला लागतं. तेवढ्यात मासळी कोण विकणार, तू?" सासूबाई चार दिवस फणफणल्या. मग दोघी एकत्र तंबाखू मळायला लागल्या.

पुढची वर्षं आम्ही दोघी बाजारात शेजारी बसलो. दुपारी मी पाटावर डोकं टेकून निजायची आणि हौसाबाई माझा वाटा विकायची. उठले की पैसे पदरात आणि कोण गिऱ्हाईक कसं मूर्ख होतं त्याची हकिगत वर. गोळीनं पडणं पुष्कळ कमी झालं. तरी ती काही सांगायला लागली की आधी माझा दंड घट्ट धरायची आणि मगच गंमत सांगायची. मी इतकं हसले त्या वर्षांत! आधीची सगळी राहिलेली उधारी फेडून घेतली. मालू तिच्या मांडीवर मोठी झाली. हौसाबाईला कोणी तोंडावर म्हणालं की देवी गेली तुझी, तर ती, जी कोणाचं काही ठेवून घेत नसे, ती गप्प बसायची. मला वाटायचं, म्हातारपण आलं.

तिच्या शेवटच्या चैत्राची गोष्ट. मी ताटात खण, नारळ, तांदूळ घेऊन देवळात निघालेली. ती माझा हात धरून हळूहळू चालत होती. पायरीशी थांबली. "कोणाची ओटी?"

"देवीची. त्या जत्रेपासून दर वर्षी भरते, तुला ठाऊक नाही का? तिनं मला सोडलं म्हणून."

"मंजुळे," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुझी ओटी चुकीच्या पत्त्यावर जाते हाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"त्या दिवशी देवी आली नव्हती गो. मी डोळे मिटले, वाट बघितली. नाय आली. अण्णा तर विचारून बसलेला. मग घुमायचं ते मीच घुमले. बोलले ते मीच बोलले."

मी हातातलं ताट पायरीवर ठेवलं. देवीच्या नावानं खोटं बोलणं म्हणजे हौसाबाईसारख्या बाईला काय होतं, ते तुम्हाला कसं सांगू? तिचा सगळा जन्मच त्या देवीला दिलेला. मी म्हटलं, "अगं, भीती नाही वाटली?"

"वाटली तर. अजून वाटते. म्हणून तर परत बसले नाय. खोटं बोललेलं तोंड तिला कसं देऊ? पण तुझी पोर तुझ्याकडं झेपावत होती. मला कोणी असं झेपावलं नाय कधी."

"आणि लोकांची एवढी बोलणी खाल्लीस! मला तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तू मला बसवून खायला घातलं असतंस. मला बाजारात बसायचं होतं." मग ती हसली, दात नसलेलं तोंड भरून. "एक गंमत सांगू? जन्मभर या तोंडानं देवी बोलली, मला त्यातलं एक अक्षर ठाऊक नाय. मी म्हणून एकदाच बोलले. आन् सगळ्या गावानं हात जोडून माझं ऐकलं गो!"

मी पायरी चढलेच नाही. देवळात अण्णा उभे होते, सासूबाई होत्या, अर्धा गाव होता. त्यांच्या डोळ्यांदेखत, नवऱ्यानं टाकलेल्या आणि देवीनं सोडलेली म्हणून नावं ठेवलेल्या त्या बाईला मी म्हटलं, "हौसाबाई, पदर पसर." तिनं पसरला. मी तिची ओटी भरली आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं.